यमक जुळत नाही

मराठीच्या पाठ्यपुस्तकातल्या कवितेच्या विभागातली निम्मी मंडळी भुसावळहून तासा-दीड तासाच्या अंतरावर राहून गेली आहेत, असं मी म्हटलं तर पुण्या-मुंबईचे मित्र हसतात. मग मी मोजायला लागते. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, सासर जळगाव. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, 1890 साली धरणगावात जन्मले. बा. सी. मर्ढेकर जन्मले फैजपूरला, 1909 मध्ये. आणि त्याच फैजपूरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक मास्तर शिकवत होते, त्यांचं नाव कृष्णाजी केशव दामले. म्हणजे केशवसुत.

बालकवींना 'बालकवी' हे नाव मिळालं तेही जळगावात. 1907 साली तिथे कविसंमेलन भरलं होतं. सतरा वर्षांच्या या पोराने तिथे कविता म्हटल्या आणि संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला ही पदवी दिली. अकरा वर्षांनी, 5 मे 1918 ला, भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. भादली म्हणजे भुसावळ आणि जळगावच्या मधलं छोटं स्टेशन. जळगावला कॉलेजला अप-डाउन करणारी आमची अख्खी पिढी रोज दोनदा तिथून गेली, खिडकीत बसून शेंगा खात गेली.

यातलं काहीही आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. कवी म्हटलं की तो नाशिकचा, कोकणातला, फार तर नागपूरचा. आपल्याकडे केळी होतात, रेल्वे आहे, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि वांग्याचं भरीत चांगलं मिळतं. कविता होत असेल असं वाटायला काही कारण नव्हतं.

आम्हाला शाळेत कवितेतलं काय आलं? अलंकार आले. वृत्तं आली. आणि रसग्रहण आलं.

*

अलंकार ओळखण्याची एक पक्की पद्धत होती. आजही तीच आहे, फक्त आता ती रीलमध्ये तीस सेकंदांत सांगतात. ओळीत सम, समान, सारखा, परी यांपैकी काही दिसलं की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. यातलं काहीच नाही, पण एक गोष्ट म्हणजेच दुसरी गोष्ट असं म्हटलंय, तर रूपक. फुलं हसली किंवा नदी रुसली, तर चेतनगुणोक्ती. एकच अक्षर सारखं सारखं येतंय, तर अनुप्रास. ओळींच्या शेवटी सारखा आवाज, तर यमक. वृत्तासाठी 'यमाताराजभानसलगा' घोकायचं, अक्षरांवर लघु-गुरूच्या खुणा करायच्या, तीन-तीनचे गट पाडायचे आणि गण लिहायचे.

या पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. ती चालते. परीक्षेत दोन मार्कं हमखास मिळवून देते आणि ज्या मुलाच्या घरी पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक नाही त्याच्यासाठी दोन मार्कं ही काही लहान गोष्ट नसते. शिवाय हिशेबाचा एक आनंद असतो. गण बरोबर पडले की गणिताचं उत्तर आल्यासारखं वाटतं.

अडचण पुढे आहे. अलंकार ओळखला, बरं. मग? त्या अलंकाराने काय केलं? तो तिथे नसता तर काय बिघडलं असतं? हा प्रश्न पेपरात येत नाही, म्हणून वर्गात येत नाही.

दोन वाक्यं घ्या. पहिलं: 'मे महिन्यातलं भुसावळचं ऊन भट्टीसारखं असतं.' उपमा आहे. उपमेय ऊन, उपमान भट्टी, साधारण धर्म उष्णता, साम्यवाचक शब्द 'सारखं'. चारही अंगं हजर, पूर्ण मार्कं. आणि वाक्य मेलेलं. ऐकणाऱ्याला एक कण नवीन कळला नाही. दुसरं: 'दुपारी पुलाच्या कठड्याने हात लावू दिला नाही.' चेतनगुणोक्ती. इथे ऊन हा शब्दच नाही, उष्णताही नाही. पण रेल्वेच्या पादचारी पुलावरून मे महिन्यात कधी गेला असाल, तर तुमचा तळहात आत्ता आपोआप मागे आला असेल. दोन्ही वाक्यांना परीक्षेत सारखेच मार्कं आहेत. कवितेत नाहीत.

*

आता आईबद्दल.

माझी आई यावल तालुक्यातल्या एका खेड्यातली. सातवीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आली, कारण वडील मालगाडीवर गार्ड होते. रात्री-बेरात्री कॉलबॉय दार वाजवायचा, वडील त्याच्या वहीवर सही करायचे, आई डबा करायला उठायची. नागपूर लाइन की खंडवा लाइन, यावर डब्यात भाकरी किती हे ठरायचं.

आई लेवा गणबोली बोलते. भुसावळ, यावल, रावेर, जळगाव या पट्ट्यातली ही बोली. धुळ्याकडच्या अहिराणीपेक्षा वेगळी, पण पुण्यात कुणाला तो फरक सांगत बसण्यात अर्थ नसतो. या बोलीत 'ण' जवळजवळ नाहीच, पाणी म्हणजे पानी. मला, तुला नाही, मले, तुले. आणि 'ळ' चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया. काळा म्हणजे काया. शाळा म्हणजे शाया. सकाळ म्हणजे सकाय.

आईच्या बोलण्यात अलंकार ठासून भरलेले असतात, हे मला फार उशिरा, बारावीच्या व्याकरणात कळलं. वडील आठ-आठ तासांनी येऊन-जाऊन असायचे, मामा-काका गाडी बदलायला भुसावळला उतरले की आमच्याकडेच जेवायला यायचे. आई म्हणायची, "हे घर नाही, टेसन हाये." उपमेय नाकारून त्या जागी उपमान ठेवायचं, याला अपन्हुती म्हणतात. वडिलांनी पगारातून कुणाला तरी पैसे उसने दिले की म्हणायची, "तुह्या बापासारखा तुहा बापच." एखाद्याला त्याच्याशिवाय दुसरी उपमाच सापडू नये, तर तो अनन्वय. आई हे अलंकार वापरायची तेव्हा तिला काही सजवायचं नसायचं. पहिल्या वाक्यात थकवा होता. दुसऱ्यात राग आणि अभिमान एकाच वेळी होते. साध्या वाक्यात ते दोन्ही मावले नसते, म्हणून तो अलंकार आला.

*

2003 साली मी नववीत होते. वर्गात काम मिळालं: आई या विषयावर चार ओळींची कविता लिहून आणा, यमक आणि एक तरी अलंकार हवा. वर्गातल्या बहुतेकांनी आईला देवाची उपमा दिली, दिव्याची दिली, सागराची दिली. भुसावळपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, पण उपमेत तो नेहमी दाराशी असतो.

मी चार ओळी लिहिल्या. त्यातल्या पहिल्या दोन मला आठवतात:

भोंग्याआधी उठे माय,
भोंग्यामागं ये सकाय.

वही परत आली तेव्हा 'सकाय'वर लाल रेघ होती. वर लिहिलं होतं: सकाळ. आणि समासात, त्याच लाल शाईत: 'यमक जुळत नाही.'

मी बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. माय आणि सकाळ. खरंच जुळत नव्हतं. पण मी तसं लिहिलंच नव्हतं. शुद्धलेखनाने यमक मोडलं आणि मग मोडलेल्या यमकाचा मार्क माझाच गेला.

त्याच आठवड्यात आम्हाला बहिणाबाईंची कविता शिकवली जात होती. फळ्यावर मुद्दे आले, आम्ही उतरवून घेतले: 'कवयित्रीने बोलीभाषेचा सहज वापर केला आहे. त्यामुळे कवितेला गोडवा आला आहे.' हे वाक्य तुम्हीही कधीतरी लिहिलं असेल. पुस्तकातल्या कवितेत 'ळ' चा 'य' झाला की ते भाषिक वैशिष्ट्य, माझ्या वहीत झाला की अशुद्धलेखन. एकाच बाकावर, एकाच तासाला, एकाच अक्षराचे दोन निकाल.

शिकवणाऱ्यांवर मी राग धरून बसलेली नाही. शुद्धलेखनाचा मार्क कापला नाही तर बोर्डात कापला जाईल, ही त्यांची भीती खरी होती. पण त्या लाल रेघेचा परिणाम माझ्या वहीपुरता राहिला नाही. आईने वही बघितली. तिला लिहिलेलं सगळं वाचता यायचं. ती म्हणाली, "मी म्हनते ते चुकीचं हाये का व?"

मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. त्यानंतर माझ्या मैत्रिणी घरी आल्या की आई 'ळ' काढायला लागली. जिथे हवा तिथे, आणि जिथे नको तिथेसुद्धा. एकदा तिने माझ्या मैत्रिणीला विचारलं, "चहावर साळ चालते का तुला?" मैत्रीण गोंधळली. साळ म्हणजे भात. आईला साय म्हणायचं होतं. आपल्या तोंडातला प्रत्येक 'य' चुकीचा असणार, असं तिने गृहीत धरलं होतं.

पुढे पुढे ती मैत्रिणी आल्या की चहा ठेवून आतच बसायला लागली.

*

कवितेची साधनं माझ्या खऱ्या उपयोगाला आली ती इथे. कारण यमक ही गोष्ट कागदावर नसते, कानात असते. दोन शब्दांचं यमक जुळतं की नाही, हे कोणत्या तोंडाने ते उच्चारले जातात यावर ठरतं. प्रमाण मराठीत 'सकाळ'चे सोबती काळ, माळ, गाळ, आभाळ. लेवा बोलीत 'सकाय'चे सोबती माय, गाय, साय, काय. म्हणजे बोली बदलली की सकाळच्या वेळेचे सगळे नातेवाईक बदलतात. एका भाषेत सकाळ काळाच्या आणि आभाळाच्या शेजारी बसते, दुसऱ्या भाषेत आईच्या आणि दुधाच्या. 'बोलीमुळे गोडवा आला' हे वाक्य म्हणूनच मला अपुरं वाटतं. काही ठिकाणी बोली हे कवितेचं हाड असतं. ते काढलं की यमकच कोसळतं.

यात सोपानदेव चौधरींनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात, चुलीपाशी गाणी म्हणायच्या. ती सोपानदेवांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी उतरवून घेतली. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांपर्यंत पोचली आणि त्यांच्या प्रस्तावनेसह 1952 मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं. ही हकिगत सगळ्यांना माहीत असते. पण उतरवून घेणाऱ्या हाताचा विचार आपण करत नाही. सोपानदेव स्वतः प्रमाण मराठीत कविता लिहिणारे कवी होते. आईच्या तोंडून शब्द आला की तो कागदावर कसा मांडायचा, हा निर्णय त्यांना ओळीओळीला घ्यावा लागला असणार. 'ळ' लिहायचा की 'य'? 'ण' की 'न'? त्यांनी ऐकलं तसं लिहिलं. मुलाने आईचं शुद्धलेखन तपासलं असतं तर आज आपल्याकडे एक सभ्य, निर्जीव पुस्तक असतं आणि यमकं जागोजागी लंगडत असती.

2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. कमानीवर नाव आहे, पण तिच्या बोलीत लिहिलेलं उत्तर कमानीच्या आत चालेल का, हा प्रश्न मी जाता-येता स्वतःला विचारते.

*

जुन्या लोकांनी अलंकाराबद्दल आपल्यापेक्षा मोकळेपणाने विचार केला होता. भरताच्या नाट्यशास्त्रात फक्त चार अलंकार आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या शास्त्रकारांनी ते वाढवत शंभराच्या पुढे नेले. पण मम्मटाने काव्यप्रकाशात काव्याची व्याख्या केली तेव्हा, एखाद वेळी अलंकार स्पष्ट नसला तरी काव्य असू शकतं, अशी सोय ठेवली. म्हणजे यादी करणाऱ्यांनाही ठाऊक होतं की यादी म्हणजे कविता नव्हे. दागिना घातला म्हणून बाई जिवंत होत नाही.

बालकवींच्या 'औदुंबर'चं उदाहरण घ्या. अवघ्या आठ ओळी. शाळेच्या पद्धतीने दहा मिनिटांत तिचे अलंकार सांगून होतात. मराठी समीक्षक मात्र त्या आठ ओळींवर, विशेषतः शेवटच्या प्रतिमेवर, कित्येक दशकं भांडत आले. ते झाड नेमकं काय म्हणून तिथे येतं? कवीची मनःस्थिती बदलते का? इतकी मोठी माणसं आठ ओळींवर एकमत करू शकली नाहीत, हे मला दहावीत कुणी सांगितलं असतं तर केवढा धीर आला असता! मला वाटायचं, कवितेचं उत्तर गाइडात छापलेलं असतं आणि ते फक्त मला येत नाही.

आणि फैजपूरचे मर्ढेकर. त्यांनी पुढे सौंदर्यशास्त्र मांडताना लयीचे तीन प्रकार सांगितले: संवादलय, विरोधलय आणि समतोललय. भारी शब्द आहेत, पण घाबरू नका, दोन ओळींवर लावून बघू. माझ्याच ओळी घेते, म्हणजे कुणाचा अपमान व्हायला नको. दोन्ही ओळी 'भोंग्या'ने सुरू होतात आणि 'आय' या आवाजावर संपतात: संवाद. एकीत 'आधी', दुसरीत 'मागं': विरोध. दोन्हींत आठ-आठ अक्षरं, मधे भोंगा उभा आणि त्याच्या एका बाजूला माय, दुसऱ्या बाजूला सकाय: समतोल. आता मधला प्रश्न विचारा, तो पेपरात नसतो तो: याने झालं काय? सकाळ व्हायच्या आधी आई उठलेली आहे, एवढंच वाक्यात आहे. पण यमकामुळे माय आणि सकाय एकमेकींशी बांधल्या गेल्या. जणू आई उठली म्हणून भोंगा झाला, भोंगा झाला म्हणून सकाळ झाली. हे मी कुठे लिहिलेलं नाही. ते यमकाने केलं. आणि 'सकाय'चा 'सकाळ' केला की नेमकं तेवढंच पुसलं जातं.

नववीत मला यातला एकही शब्द येत नव्हता. कानाला जे बरोबर वाटलं ते लिहिलं होतं. साधनं शिकायची ती यासाठी: कानाला जे आधीच कळलंय ते बोलून दाखवता यावं, आणि कुणी लाल रेघ मारली तर उत्तर देता यावं. माझ्याकडे रेघेला उत्तर नव्हतं, म्हणून माझी आई आत जाऊन बसली.

*

गेल्या वर्षी माझी भाची दहावीत होती, भुसावळलाच. शाळेने उपक्रम दिला: परिसरातल्या बोलीतल्या दोन ओळी मिळवा आणि त्यांचं रसग्रहण लिहा. चार गुण. तिने मला व्हॉट्सॲपवर विचारलं, "मावशी, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यांत काय काय टाकू?" सोबत गाइडच्या पानाचा फोटो. पानावर तेच वाक्य. गोडवा आला आहे.

मी तिला फोन केला आणि तीनच गोष्टी सांगितल्या. ओळी आधी तीनदा मोठ्याने म्हण, घरी बोलतेस त्या आवाजात. मग एकेक शब्द बदलून बघ आणि कुठला बदलल्यावर सगळं पडतं ते शोध. शेवटी, तो शब्द पडू नये म्हणून कवितेत काय काय केलंय तेवढंच लिही. अलंकाराचं नाव माहीत असेल तर नावासकट, नसेल तर तसंच.

"पण ओळी कुठून आणू?"

"आजीला विचार."

दोन दिवसांनी तिने लिहिलेलं पान पाठवलं. वर ओळी होत्या, आजीने सांगितलेल्या. भोंगा, माय, सकाय. वीस-बावीस वर्षं झाली. माझी ती वही कधीच रद्दीत गेली. आईने ओळी पाठ ठेवल्या होत्या आणि पाठ ठेवताना दुरुस्ती ठेवली नव्हती. कुणाच्या आहेत विचारल्यावर भाचीला म्हणाली, "आपल्याच हायेत."

भाचीने लिहिलं होतं: 'या ओळींत ळ चा य झाल्यामुळे यमक जुळले आहे. प्रमाणभाषेत लिहिल्यास माय आणि सकाळ हे वेगळे होतील. कवितेत ते वेगळे नाहीत.' तिसरं वाक्य वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ काही केलं नाही.

तिला चारपैकी साडेतीन मिळाले. बाईंनी खाली लिहिलं होतं, 'छान निरीक्षण.' अर्धा मार्क कशाचा गेला, असं मी विचारलं. 'रुपक' असं लिहिलं होतं म्हणे, ऱ्हस्व. तो बरोबर गेला.